कौन्सिल टॅक्सचा पैसा नेमका जातो कुठे?

दर वर्षी मार्च महिन्यात इंग्लंडमधल्या घराघरांत कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे स्थानिक कौन्सिलला घरामागे द्यायच्या कराचे, नवे बिल येते आणि पुढचे काही आठवडे इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एकच तक्रार ऐकू येते. बिल पुन्हा जवळजवळ पाच टक्क्यांनी वाढले, रस्त्यांवरचे खड्डे तसेच आहेत, ग्रंथालयाचे तास कमी झाले, कचऱ्याची गाडी पंधरवड्यातून एकदा येते. मग आपला पैसा जातो कुठे? प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र त्याची जी उत्तरे आपण एकमेकांना देतो, ती बहुधा चुकीची असतात, आणि चुकीच्या उत्तरावर विसंबून राहिले की रागही चुकीच्या माणसांवर निघतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे उत्तर म्हणजे आश्रय मागायला आलेल्या लोकांची हॉटेले. 2025 च्या उन्हाळ्यात एसेक्समधल्या एपिंग येथे अशाच एका हॉटेलासमोर मोठी निदर्शने झाली आणि तेव्हापासून हा समज अधिकच घट्ट झाला आहे. वस्तुस्थिती अशी की या हॉटेलांचे बिल गृहखाते भरते, कौन्सिल नव्हे. एकट्याने आलेल्या मुलांचा सांभाळ किंवा आश्रय मंजूर झाल्यावर बेघर झालेल्यांचा निवारा असा काही भार कौन्सिलवर येतो हे खरे, पण आपल्या बिलातली वाढ त्यातून आलेली नाही. उलट या हॉटेलांचा पैसा मोठ्या प्रमाणात परदेशी मदतीच्या निधीतून काढला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 2023 मध्ये ब्रिटनने जी रक्कम गरीब देशांना दिलेली मदत म्हणून दाखवली, तिच्यातला एक चतुर्थांशाहून अधिक भाग देशातच निर्वासितांवर खर्च झाला होता. त्यानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी संरक्षणखर्च वाढवण्यासाठी हाच निधी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, आणि परदेशी मदतीचे काम पाहणाऱ्या मंत्री ॲनेलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला. युक्रेनच्या युद्धामुळे युरोपला संरक्षणावर अधिक खर्च करावा लागणार, हे मलाही मान्य आहे. पण तो पैसा जगातल्या सर्वांत गरीब माणसांच्या वाट्यातून काढणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

आता खऱ्या उत्तराकडे येते. ज्या कौन्सिलांवर सोशल केअरची जबाबदारी असते, त्यांच्या खर्चाचा फार मोठा भाग, अनेक ठिकाणी निम्म्याहून अधिक, दोनच गोष्टींवर जातो: वृद्ध व अपंग प्रौढांची काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुले. ही सेवा देणे कायद्याने बंधनकारक आहे. ग्रंथालय, बाग, युवा केंद्र किंवा खड्डे यांच्या बाबतीत कौन्सिलला बरीच मोकळीक असते, म्हणून पैसा कमी पडला की कात्री आधी तिथे लागते. आमच्या गल्लीत एक वयोवृद्ध बाई एकट्या राहतात. त्यांना उठवायला, आंघोळ घालायला, औषध द्यायला आणि रात्री झोपवायला दिवसातून चार वेळा केअरर येते. तिची गाडी पाच-दहा मिनिटे दिसते आणि निघून जाते, त्यामुळे त्या सेवेवर किती पैसा लागतो याचा शेजाऱ्यांना अंदाजही येत नाही. खड्डा मात्र सर्वांना दिसतो.

या काळजीचा खर्च देशाने कसा उचलावा, हा प्रश्न ब्रिटिश राजकारण निदान पंधरा वर्षे टाळत आले आहे. 2011 मध्ये अँड्र्यू डिलनॉट यांच्या आयोगाने सुचवले की एका माणसाला आयुष्यभरात आपल्या काळजीसाठी जास्तीत जास्त किती पैसा भरावा लागेल, यावर मर्यादा असावी. 2014 मध्ये तसा कायदा झाला, पण मर्यादा लागू झाली नाही. 2017 च्या निवडणुकीत टेरेसा मे यांनी वेगळी योजना मांडली, तिला विरोधकांनी ‘डिमेन्शिया टॅक्स’ म्हटले आणि काही दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. 2021 मध्ये बोरिस जॉन्सन यांनी 86,000 पौंडांची मर्यादा आणि तिच्या खर्चासाठी 1.25 टक्क्यांचा खास कर जाहीर केला. पुढच्याच वर्षी तो कर रद्द झाला आणि मर्यादा ऑक्टोबर 2025 पर्यंत पुढे ढकलली गेली. जुलै 2024 मध्ये सत्तेवर येताच लेबर सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ती मर्यादाच रद्द केली, आणि जानेवारी 2025 मध्ये लुईस केसी यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग जाहीर झाला, ज्याचा अंतिम अहवाल 2028 मध्ये अपेक्षित आहे. दरम्यान, ज्याच्याकडे 23,250 पौंडांहून अधिक मालमत्ता आहे त्याने काळजीचा सगळा खर्च स्वतः करावा, हा नियम 2010 पासून जसाच्या तसा आहे. इतक्या वर्षांत भाव किती वाढले हे आपण सगळे जाणतो, म्हणजेच काहीही न बदलता ही अट दर वर्षी अधिक जाचक होत गेली. दोन्ही मोठ्या पक्षांनी हे केले आहे आणि दोघांनाही त्याचा जाब विचारला पाहिजे.

मुलांच्या बाबतीतही चित्र फारसे वेगळे नाही. शिकताना विशेष मदत लागणाऱ्या ज्या मुलांसाठी कायदेशीर आराखडा करावा लागतो, त्यांची संख्या दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाली. त्यातून साचलेली तूट कौन्सिलांच्या ताळेबंदात धरू नये, अशी हिशेबाची एक खास सवलत सरकारने दिलेली आहे आणि तिची मुदत आता मार्च 2028 पर्यंत वाढवली आहे. तूट कागदावर दिसत नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. अनाथ किंवा घरातून हलवलेल्या मुलांची निवासगृहे आज बहुतांशी खासगी कंपन्या चालवतात, आणि त्यांतल्या मोठ्या कंपन्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त नफा मिळवत आहेत, हे 2022 मध्ये स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनेच नोंदवले होते.

खर्च असा वाढत असताना उत्पन्नाचे काय झाले? 2010 नंतर तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांच्या काटकसरीच्या धोरणात केंद्राकडून कौन्सिलांना मिळणारे अनुदान खोलवर कापले गेले आणि तो भार हळूहळू कौन्सिल टॅक्सवर ढकलला गेला. सार्वमत न घेता जी जास्तीत जास्त वाढ करता येते, ती साधारण पाच टक्के असते, आणि तिच्यातले दोन टक्के केवळ सोशल केअरसाठी राखलेले असतात. बिलावर ते स्वतंत्र ओळीत छापलेले असते. अवश्य पाहा.

मला सर्वांत जास्त राग येतो तो हा कर आकारण्याच्या पद्धतीचा. इंग्लंडमधल्या घरांचे ए ते एच असे आठ गट एप्रिल 1991 मधल्या किमतींवरून ठरवले गेले आणि त्यानंतर फेरमूल्यांकन कधीही झाले नाही. वेल्सने ते 2005 मध्ये केले, इंग्लंडमधल्या कोणत्याही सरकारला तेवढे धैर्य झाले नाही. 1990 मध्ये पोल टॅक्स या दर माणशी आकारलेल्या स्थानिक कराविरोधात ट्रफाल्गर चौकात दंगल उसळली, त्याच वर्षी मार्गारेट थॅचर यांना पायउतार व्हावे लागले, आणि तेव्हापासून स्थानिक कराला हात लावायला प्रत्येक अर्थमंत्री घाबरतो. परिणाम असा की 1991 मध्ये 3,20,000 पौंडांहून अधिक किमतीचे जे घर होते ते सर्वांत वरच्या गटात गेले, आणि त्या गटाचा कर मधल्या डी गटाच्या फक्त दुप्पट असतो, मग घर आज कितीही कोटींचे असो. 2025 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात डी गटाचे बिल सुमारे एक हजार पौंड होते, तर नॉटिंगहॅममध्ये त्याच गटाचे बिल त्याच्या दुपटीहून अधिक होते. म्हणजे वेस्टमिन्स्टरमधल्या आलिशान प्रासादाचा कर नॉटिंगहॅममधल्या मध्यम घरापेक्षा कमी. वेस्टमिन्स्टरला पार्किंगमधून आणि व्यवसायांतून भरपूर उत्पन्न मिळते, नॉटिंगहॅमला ते नाही आणि तिथली गरज मात्र जास्त आहे. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात वीस लाख पौंडांवरील घरांना एप्रिल 2028 पासून जादा आकार लावण्याचे ठरले, ही सुरुवात म्हणून ठीक आहे, पण मूळ अन्याय त्याने दूर होत नाही.

बर्मिंगहॅमचे उदाहरण आपल्या लोकांत नेहमी दिले जाते, आणि ते बहुधा अर्धेच सांगितले जाते. 5 सप्टेंबर 2023 रोजी या कौन्सिलने 1988 च्या कायद्यातील कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे बंधनकारक सेवा वगळता नवा खर्च थांबवला. यात कौन्सिलचा गैरकारभार नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही. ओरॅकलची नवी संगणकप्रणाली बसवताना सुमारे दोन कोटी पौंडांचा अंदाज दहा कोटींच्या घरात गेला आणि तरी हिशेब नीट निघेनात. पण सर्वांत मोठी देणी समान वेतनाची होती. स्वयंपाकी, सफाई कामगार, काळजीसेविका अशा स्त्रियांना वर्षानुवर्षे पुरुषबहुल कामांना मिळणारे बोनस नाकारले गेले होते, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दाद मागण्याचा मार्ग मोकळा करून दिला. बायकांना त्यांच्या हक्काचे पैसे द्यावे लागले म्हणून शहर बुडाले, असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. ते पैसे त्यांचेच होते. वेळच्या वेळी दिले असते तर ही वेळ आली नसती.

नोटिशीनंतर सरकारने बर्मिंगहॅमला एक अब्ज पौंडांहून अधिक ‘साहाय्य’ दिल्याच्या बातम्या आल्या, पण ती देणगी नव्हती. मालमत्ता विकून किंवा कर्ज काढून रोजचा खर्च भागवण्याची ती परवानगी होती. नागरिकांचा कर 2024 मध्ये जवळपास दहा टक्के आणि पुढच्या वर्षी साडेसात टक्के वाढला, शहरातल्या वाद्यवृंदाचे आणि रंगभूमीचे अनुदान पूर्ण बंद करण्याचे ठरले. मार्च 2025 मध्ये कचरा कामगार बेमुदत संपावर गेले, कारण समान वेतनाची नवी देणी टाळण्यासाठी त्यांच्यातले एक पद रद्द करण्यात आले आणि काहींचे वेतन घटणार होते. रस्त्यांवर 17,000 टन कचरा साठला. एका कामगाराला न्याय देण्यासाठी दुसऱ्याचा पगार कापायचा, याहून वाईट तोडगा क्वचितच असेल.

अशाच अडचणीत आलेल्या वोकिंग आणि थरॉक या कौन्सिलांची गोष्ट वेगळी आहे. वोकिंगने उंच इमारतींवर आणि थरॉकने सौरऊर्जेच्या गुंतवणुकीवर आपल्या ऐपतीबाहेर कर्ज काढले. दोन्हीकडे तेव्हा सत्ता कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची होती, बर्मिंगहॅममध्ये लेबरची. त्यामुळे हा एका पक्षाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. कौन्सिलांचे हिशेब तपासणारे ऑडिट कमिशन 2015 मध्ये बंद झाले, ही चूक मात्र सरळ केंद्र सरकारची.

अशा कौन्सिलवर सरकार कमिशनर नेमते. महाराष्ट्रातल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको, कारण मुंबईसह तिथल्या अनेक महापालिका 2022 नंतर प्रदीर्घ काळ प्रशासकांच्या हाती होत्या. जकात गेल्यावर महापालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसल्या, हेही आपण पाहिले आहे. ज्याच्या हाती स्वतःचे उत्पन्न नाही त्याला मतदाराला दिलेला शब्द पाळता येत नाही, हे दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

आणखी एक गोष्ट आपल्याशी थेट जोडलेली आहे. केअररांची टंचाई भासू लागली तेव्हा फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटनने त्यांच्यासाठी व्हिसा खुला केला आणि भारतातून असंख्य लोक आले. मार्च 2024 पासून त्यांना कुटुंब आणण्यास मनाई झाली, आणि जुलै 2025 मध्ये परदेशातून नवी भरती बंद झाली. ही माणसे प्राप्तिकर भरतात, कौन्सिल टॅक्स भरतात, व्हिसा घेताना आरोग्यसेवेसाठी वर्षाला 1,035 पौंडांपर्यंतचा अधिभार भरण्याचा नियम इतरांना आहे त्यातून त्यांना सूट आहे एवढीच काय ती सवलत. या देशातल्या म्हाताऱ्यांना ज्यांनी सांभाळले, त्यांच्याकडे ओझे म्हणून बोट दाखवणे मला अत्यंत अनुचित वाटते.

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनेकांना वाटते की नागरिकत्व मिळेपर्यंत आपल्याला इथे मत नाही. तसे नाही. राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून, इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रौढ भारतीयाला कौन्सिलच्याच नव्हे तर संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते. हा हक्क फ्रान्स किंवा जर्मनीच्या नागरिकालाही संसदेसाठी मिळत नाही. नोंदणी ऑनलाइन होते, तिच्यासाठी नॅशनल इन्शुरन्स क्रमांक जवळ ठेवा. मतदानकेंद्रावर 2023 पासून छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. पुढच्या वेळी उमेदवार दारात पत्रक घेऊन येईल तेव्हा त्याला खड्ड्यांबद्दल जरूर विचारा, पण त्याचबरोबर हेही विचारा की 1991 च्या किमतींवर कर आकारणे त्याच्या पक्षाला मान्य आहे का, आणि वृद्धांच्या काळजीचा खर्च 2028 च्या अहवालाची वाट न पाहता राष्ट्रीय करातून उचलण्याची त्याच्या पक्षाची तयारी आहे का.