जिभेला दोष देणं बंद करा

‘तुझा जिभेवर ताबा नाही’ हे वाक्य ऐकलं की डोकं सणकतं. वजन कमी करायला निघालेल्या माणसाला ते जिममध्ये ऐकावं लागतं, घरी ऐकावं लागतं, ऑफिसात सहा महिन्यांत बारीक झालेला कुणीतरी तेच सुनावून जातो. आणि ज्याला सुनावलं जातं तो रात्री साडेनऊला घामाघूम घरी येतो, बूट काढायच्या आधी चिवड्याचा डबा उघडतो, मग चार चपात्या, वर भात, आणि अंथरुणाला पाठ टेकली की स्वतःलाच शिव्या घालत पडतो. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून नाश्ता बंद. रात्री पुन्हा तेच. त्याच्या जिभेला काहीही झालेलं नाही. त्याचा दिवस असा लागलेला आहे की रात्री खा-खा सुटली नाही तरच नवल.

दिवस मांडून बघा जरा. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडणारा माणूस एक वाजता डबा खातो. चार-साडेचारला कटिंग आणि दोन खारी. साडेसहाला ऑफिस सुटलं, सव्वा तास गाडीत लोंबकळत, आठला जिम, सव्वानऊला बाहेर. म्हणजे धड जेवण होऊन आठ तास उलटले आणि मध्ये पोटात गेला तो मैदा, वनस्पती तूप आणि साखर. त्यावर त्याने तासभर वजनं उचलली. या माणसाला घरी येऊन दोन फुलके आणि वाटीभर भाजीवर थांबायला सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे. कोणाचंही शरीर ते ऐकणार नाही, ऐकावं अशी त्याची घडणच नाही.

त्यातही फसवणारी गोष्ट अशी की जोराचा व्यायाम झाल्याबरोबर भूक दबते. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक थोडा वेळ खाली जातं. जिममधून बाहेर पडताना माणूस म्हणतो, ‘छे, आज भूकच नाही.’ तो अंघोळ करतो, मोबाईल बघत बसतो, जेवण पुढे ढकलतो. तासाभराने दाबलेली भूक परतते, आणि तोवर दहा वाजलेले असतात, डोकं थकलेलं असतं, हाताशी फरसाणाचा डबा असतो. जिममधून आल्यावरच्या पहिल्या शांत अर्ध्या तासातच ताट वाढून घ्यायचं असतं. किती चपात्या, किती भात, हे भूक परतायच्या आधी ठरवायचं. हे साधं वेळापत्रक शिकवायला कोणी तयार नाही, उपदेश द्यायला मात्र सगळे पुढे.

उपाय संध्याकाळी साडेपाचला आहे, रात्री नाही. ऑफिस सोडायच्या आधी, जागेवर बसून, मूठभर फुटाणे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, आणि एक केळं. फुटाण्यांच्या ११० कॅलरी आणि सहाएक ग्रॅम प्रथिनं, केळ्याच्या शंभरेक कॅलरी. केळ्यामुळे व्यायामाला दम राहतो, फुटाण्यांमुळे पोट धरून राहतं. ज्यांना फुटाणे पचत नाहीत त्यांनी दोन उकडलेली अंडी डब्यात न्यावीत किंवा वाटीभर मोड आलेले मूग वाफवून. पण हे ऑफिसातच उरकायचं. प्लॅटफॉर्मवर खाऊ म्हणालात तर तिथे समोर वडापाव तळला जात असतो, आणि गर्दीच्या गाडीत तर पिशवीत हात घालायलाही जागा नसते. हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, वजन कमी करायचंय आणि वर संध्याकाळी आणखी खायचं? हो, खायचं. दोनशे कॅलरी साडेपाचला खाल्ल्या की रात्रीची खा-खा कमी होते. दोन आठवडे करून बघा आणि मग वाद घाला.

आता हिशेबाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे चालते. दादरच्या शिवाजी पार्कची एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची. चार फेऱ्या झपझप मारल्या तर पावणेपाच-पाच किलोमीटर. ७० किलोच्या माणसाच्या त्यात घरी बसून राहिल्यापेक्षा जास्तीच्या म्हणून पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी जातात. एका वडापावच्या तीनशेच्या आसपास असतात. पाऊण तास घाम गाळलेला माणूस कोपऱ्यावर दोन मिनिटं उभा राहतो आणि शंभर कॅलरी वर चढवून घरी जातो. आणि मनगटावरचं घड्याळ त्याला ३५० दाखवत असतं! २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मनगटावरची ७ उपकरणं ६० जणांवर तपासली गेली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के निघाली. या आकड्यावर विसंबून लोक रात्रीचं जेवण ठरवतात. खाण्याची नोंद ठेवणारी कितीतरी ॲप्स तर व्यायामाच्या कॅलरी आपणहून जेवणाच्या कोट्यात टाकतात आणि सांगतात, आज आणखी चारशे खाऊ शकता. ती जोडणी सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, आजच. घड्याळ पावलं आणि ठोके मोजायला ठेवा.

मॅरेथॉनच्या तयारीला लागलेल्यांची गोष्ट वेगळी. रविवारी १५ किलोमीटर धावलेल्या ७० किलोच्या माणसाच्या हजारेक कॅलरी गेलेल्या असतात, त्याला भात-पोळी खायलाच हवी, नाहीतर तो पुढचे दोन दिवस दिसेल ते खात सुटेल. पण पाऊण तास चाललेल्याला ‘रिकव्हरी मील’ लागत नाही. त्याला त्याचं नेहमीचं जेवण वेळेवर लागतं, एवढंच. हा फरक न सांगता सगळ्यांच्या गळ्यात एकच सल्ला मारणाऱ्यांचा फार राग येतो.

आणि तो शेक! ‘अर्ध्या तासाच्या आत प्रोटीन गेलं पाहिजे, नाहीतर मेहनत वाया’, ही भीती घालून कितीतरी जणांच्या हातात जिममध्येच भला मोठा ग्लास दिला जातो. त्यात काय असतं ते मोजा. पाव लिटर दूध दीडशे, पावडरचा एक स्कूप १२०, पीनट बटर दोन मोठे चमचे १९०, केळं १००, मध एक मोठा चमचा ६०. झाले सहाशेच्या वर. हे पिऊन माणूस घरी जाऊन पूर्ण जेवतोच, कारण प्यायलेलं पोटाला जेवणासारखं जाणवत नाही. अर्ध्या तासाची ती घाई निराधार आहे. दिवसभरात एकूण प्रथिनं किती गेली यावर बहुतेक सगळं अवलंबून असतं. व्यायाम करत वजन उतरवणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला ८४ ते ११२ ग्रॅम धरा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आपल्या ताटात एवढी प्रथिनं येत नाहीत ही खरी गोम आहे. ‘आम्ही रोज वरण खातो की’ म्हणणाऱ्या घरात डाळ किती शिजते ते बघा. चौघांना अर्धी वाटी कच्ची तूरडाळ, म्हणजे फार तर ७५ ग्रॅम. माणशी १९ ग्रॅम डाळ आणि चारएक ग्रॅम प्रथिनं. ते पातळ वरण भाताच्या डोंगरावर ओतलं की पोट भरतं आणि दोन तासांत रिकामं होतं. डाळ दुप्पट करा, वरण घट्ट करा, भात निम्मा करा. बांगड्याचे दोन तुकडे घ्या, पण रव्यात घोळून तेलात पोहवलेले नकोत, तव्यावर चमचाभर तेलात भाजलेले. शाकाहारी असाल तर सोयाबीनच्या वड्या. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून घ्या, म्हणजे उग्र वास जातो. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर, मग भाजी-डाळ, चपाती त्याच्यासोबत, भात शेवटी. भातापासून सुरुवात केली की दुसऱ्यांदा भात घेतला जातोच.

उपासाच्या दिवशी तर कहर. संकष्टीला सकाळी वॉक, दिवसभर चहावर, आणि संध्याकाळी जिमवरून येऊन साबुदाण्याची खिचडी. एका ताटलीत कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम धरला तर २१०, दाण्याचं कूट २० ग्रॅम ११५, तूप दोन चमचे ९०, बटाटा ४०. साडेचारशे झाल्या. साबुदाणा हा निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, म्हणून एक ताटली संपवून माणूस दुसरी मागतो. उपास करायचाच असेल तर त्या दिवशी जिम बंद ठेवा, नुसतं चाला, आणि खिचडी अर्धी करून सोबत वाटीभर घट्ट दही किंवा ५० ग्रॅम पनीर घ्या. उपास मोडत नाही आणि पोटही भरलेलं राहतं.

तहानेचंही कोणी बोलत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंखा कुरकुरणाऱ्या जिममध्ये तासाभरात अर्धा-पाऊण किलो घाम सहज जातो. त्याचा थकवा भुकेसारखाच वाटतो. व्यायामाच्या आधी आणि नंतर काट्यावर उभं राहून बघा; जेवढं कमी झालं ते पाणी आहे, चरबी नव्हे. ते थोडं थोडं करून भरून काढा. घरी आल्यावर पहिला ग्लास पाण्याचा किंवा बिनसाखरेच्या, चिमूटभर मिठाच्या लिंबूपाण्याचा (रक्तदाबवाल्यांनी मीठ टाळावं), मग दहा-पंधरा मिनिटं थांबून जेवण. शहाळंही चालेल, त्यात पन्नासेक कॅलरी. उसाचा रस नको.

आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा हलला नाही, उलट किलोभर वर गेला, तर त्या माणसाला धारेवर धरू नका. नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचं साठवलेलं इंधन, साठतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. ठणकणाऱ्या स्नायूंना सूज असते, त्यातही पाणी. नेमक्या याच दिवसांत ‘काही फरक दिसत नाही’ म्हणून जेवण तोडलं जातं, आणि जेवण तोडलं की आठव्या दिवशी रात्री चिवड्याचा डबा रिकामा होतो. बेंबीच्या रेषेत टेपने कमर मोजा, आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी.

घरच्यांनाही सांगायचंय. दारात पाऊल टाकल्याबरोबर ‘एवढा दमून आलायस, दोन चपात्या जास्त घे रे’ आणि तो जेवून उठल्यावर ‘जिमचे पैसे पाण्यात’, ही दोन वाक्यं एकाच घरात एकाच रात्री बोलली जातात. प्रेमानेच बोलली जातात, माहीत आहे. त्याऐवजी साडेपाचला एक फोन करा आणि विचारा, फुटाणे खाल्लेस का?

आणि महिन्याची फी मोजून घेणाऱ्या ट्रेनरनी तरी, समोरच्याला वजनकाट्यावर उभं करून चारचौघांत मान हलवण्याआधी, दुपारी शेवटचं किती वाजता जेवलास एवढं विचारावं. दहा सेकंदं लागतात त्याला.