पेनड्राइव्हचं नाव चुकलं म्हणे!

पेनड्राइव्हला नाव काय दिलंय यावर अख्खं इन्स्टॉलेशन अडकवायचं, ही अक्कल कुणाची?

सातपूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायला बसलोय. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची अख्खी फाइल, उतरवली, ती धड उतरली का ते सांगणारा चेकसम जुळला, पेनड्राइव्ह तयार केला. बूट मेन्यू आला, एंटर मारलं. मग काळ्या स्क्रीनवर 'ड्राकट-इनिटक्यू टाइमआउट'च्या ओळींवर ओळी, आणि शेवटी काय, तर 'डेव्ह रूट डझ नॉट एक्झिस्ट', म्हणजे पुढचं इन्स्टॉलेशन जिथून उचलायचं ती डिस्कच नाही. अरे, पेनड्राइव्ह समोर खोचलाय, त्याचा लाइट लुकलुकतोय, त्याच्यावरूनच तू बूट झालास, आणि आता म्हणतोस काही सापडत नाही?

कारण कळलं की डोकं आणखी फिरतं. बूटच्या ओळीत 'लेबल' म्हणून डिस्कचं लांबलचक नाव आधीच कोरून ठेवलेलं असतं. आयएसओत नावाला ३२ अक्षरांची जागा. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असला की तिथे मोजून ११. नावाची ८ आणि एक्स्टेन्शनची ३, हा डॉसच्या काळातला हिशोब अजून आमच्या मानगुटीवर! मग पेनड्राइव्ह बनवणारं टूल नाव छाटतं, वर कॅपिटल करून ठेवतं, आणि इन्स्टॉलर मात्र पूर्ण नावच शोधत बसतो. कॅपिटल-स्मॉलचा फरकसुद्धा चालत नाही. नावात स्पेस असेल तर तिथे बॅकस्लॅश, एक्स, २, ० असं लिहायचं. आहेराच्या पाकिटावर आडनाव अर्धंच लिहिलंय म्हणून सख्ख्या मामाला मांडवाबाहेर उभं करावं, तसला प्रकार.

उपाय आहे म्हणा. मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर नवं, म्हणजे यूईएफआय असेल तर मेन्यूत 'ई' दाबा, जुनं बायॉस असेल तर बहुधा टॅब, आणि त्या ओळीत लेबल हाताने दुरुस्त करा. पुढच्या बूटला पुन्हा तेच, कारण ती दुरुस्ती तेवढ्यापुरतीच. कायमची हवी तर पेनड्राइव्हवरची ग्रबची, म्हणजे त्या बूट मेन्यूची, फाइल उघडून तिथे लेबल बदला. नाहीतर पेनड्राइव्ह डीडी मोडने, म्हणजे आयएसओ जशीच्या तशी उतरवून, लिहा. नाव शाबूत राहतं, पण तो पेनड्राइव्ह विंडोजला लावला की 'फॉरमॅट करू का?' विचारतं. करून टाक बाबा, तूही हौस भागवून घे.

एवढं सगळं छापता, तर 'या नावाची डिस्क हवी होती, या नावाची मिळाली' अशी एक साधी ओळ छापायला काय जातं? दोन्ही नावं मशीनला दिसतात की! पण नाही. टाइमआउट, टाइमआउट, टाइमआउट, आणि मग एक लुकलुकता कर्सर. आता तूच बघ म्हणे.

तेवढ्यात शेठ चहा घेऊन आले. "काय भाऊ, मशीन बिघडलं का?"

"नाही शेठ, पेनड्राइव्हचं नाव बसत नाहीये."

"मग बदला ना. त्याचे काय वेगळे पैसे लावता का?"

लावणार. अक्षरागणिक लावणार.