‘लोकांनाच ठरवू द्या’ म्हणणारा डग्लस

‘आपण कशाला मध्ये पडा? लोकांनाच ठरवू द्या की,’ असं कुणी साळसूदपणे म्हणालं की मला इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस आठवतो. अमेरिकन यादवीचं, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत पेटलेल्या युद्धाचं, खापर दक्षिणेतल्या गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांवर फोडतात आणि ते रास्तच आहे. पण आगीत तेल ओतलं ते या मधल्या माणसाने, असं माझं ठाम मत आहे.

1820 साली उत्तर आणि दक्षिणेत तडजोड झाली होती. मिसुरीत गुलामगिरी चालेल, पण फ्रान्सकडून घेतलेल्या बाकीच्या मुलखात 36 अंश 30 मिनिटं अक्षांशाच्या वर ती नको. प्रत्येक नव्या राज्याला सिनेटमध्ये दोन जागा, त्यामुळे देश पश्चिमेकडे सरकला की प्रत्येक वेळी तोच वाद: हे राज्य कुणाच्या पारड्यात? 1848 मध्ये मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख बळकावल्यावर तर विचारूच नका. तरी ती जुनी रेघ शाबूत होती.

डग्लसला हवी होती रेल्वे, शिकागोहून थेट पॅसिफिकपर्यंत. त्यासाठी मधल्या मुलखात रीतसर सरकार बसवणं भाग होतं, आणि दक्षिणेच्या मतांशिवाय तो कायदा होणार नव्हता. दक्षिणेने किंमत सांगितली: रेघ पुसा. याने पुसली! 1854 चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा. गुलामगिरी हवी की नको, हे तिथे वस्ती करणारे ठरवतील. ऐकायला किती छान, नाही?

मग ठरवलं कुणी, ते बघा. 1855 च्या सुरुवातीला कॅन्ससमध्ये शिरगणती झाली. मतदार भरले 2,905. 30 मार्चला विधिमंडळासाठी मतदान झालं आणि मतं पडली 6,307. शेजारच्या मिसुरीतून टोळ्याच्या टोळ्या गाड्या जुंपून, बंदुका घेऊन आल्या होत्या. लॉरेन्स गावात आलेल्यांनी तर दोन तोफाही आणल्या होत्या आणि आपला माणूस ओळखू यावा म्हणून कोटाला पांढरी फीत लावली होती. केंद्रावरच्या पंचांना दमदाटी झाली. हे काही गावगुंडांचं परस्पर काम नव्हतं. मिसुरीचा डेव्हिड अॅचिसन, त्याच महिन्याच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेचा सिनेटर, तो यात पुढे होता. मतं टाकून मंडळी आपापल्या घरी गेली.

अशा निवडणुकीतून आलेल्या विधिमंडळाने कायदा केला, की या मुलखात गुलाम बाळगायचा हक्क नाही असं कुणी नुसतं बोललं किंवा लिहिलं, तरी किमान दोन वर्षं सक्तमजुरी. म्हणजे लोकांनी ठरवायचं, पण त्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

गुलामगिरीचे विरोधकही धुतल्या तांदळासारखे नव्हते. कॅन्ससमधल्या टोपेका गावात जमून त्यांनी स्वतःची वेगळी राज्यघटना केली, गुलामगिरी नाकारणारी. त्यासोबत दुसरा प्रश्नही मताला टाकला: कृष्णवर्णीयांना कॅन्ससमध्ये येऊच द्यायचं नाही का? 1,287 जणांनी होकार दिला, 453 जणांनी नकार. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना गुलामगिरी नको होती, कारण फुकटात राबणाऱ्या माणसांशी स्पर्धा नको होती. ज्यांच्या आयुष्याचा फैसला चालला होता, त्यांना मत दोन्हीकडे नव्हतं. आणि ही जमीन ज्या शॉनी, डेलावेअर लोकांना ‘कायमची तुमची’ म्हणून लिहून दिली होती, त्यांना तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मे 1856 मध्ये गुलामगिरीच्या समर्थकांनी लॉरेन्स लुटलं. दुसऱ्या दिवशी सिनेटच्या सभागृहात दक्षिणेतला लोकप्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्सने गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला काठीने रक्तबंबाळ केलं. त्यानंतर दोनच दिवसांनी गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राऊन याच्या टोळीने रात्री गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घराबाहेर काढून कापलं. यादवी 1861 ला सुरू झाली असं पुस्तकं सांगतात. माझ्या लेखी ती कॅन्ससमध्येच सुरू झाली होती.

आता ‘युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच, राज्यांच्या हक्कांसाठी होतं’ म्हणणाऱ्यांसाठी. 1850 च्या कायद्याने पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी परत द्यावा लागे. फैसला करणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाच्या हवाली केला तर 10 डॉलर, सोडला तर 5. हा कायदा हवा कुणाला होता? दक्षिणेला. 1854 मध्ये बॉस्टनमध्ये (मॅसॅच्युसेट्सची राजधानी) पळून आलेल्या अँथनी बर्न्स या गुलामाला सैन्याच्या पहाऱ्यात बोटीवर चढवलं, तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याच्या हक्कांचा कळवळा कुणाला आला नाही.

आपल्या महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या निःस्वार्थ त्यागाचं कौतुक करून. लाखोंच्या बेड्या तुटल्या होत्या आणि ते उदाहरण त्यांना इथल्या लोकांपुढे धरायचं होतं. अगदी योग्यच केलं. पण तो निःस्वार्थीपणा शोधायला टोपेकाला जाऊ नये, एवढंच म्हणेन.

शेवटी कॅन्सस गुलामगिरीविना राज्य झालं, 29 जानेवारी 1861 ला. त्यात डग्लसच्या तोडग्याचं श्रेय थोडकंच. 21 जानेवारीला जेफरसन डेव्हिस आणि दक्षिणेचे आणखी काही सिनेटर, त्यांची राज्यं देशातून फुटल्यामुळे, निरोपाची भाषणं करून सभागृहाबाहेर पडले, विरोधाची मतं कमी झाली आणि त्याच दिवशी सिनेटने कॅन्ससचं विधेयक मंजूर करून टाकलं.