राणी गेली? दुखवटा पाठवा आणि वंशावळ काढा

शेजारच्या राज्याची राणी अकाली गेल्याचे कळले की दुखवट्याचा खलिता धाडावा आणि त्याच बैठकीत वंशावळ काढायला बसावे. स्कॉटलंडात हे काम ज्या शिस्तीने झाले, तिला तोड नाही.

तुम्ही स्वतःच राजे असाल तर मात्र राणी वारल्यावर मुळीच घाई करू नका. स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर, त्याची राणी मार्गारेट १२७५ मध्ये गेली. पदरी दोन मुलगे, एक मुलगी. मग कशाला हवे दुसरे लग्न? महाराज दहा वर्षे निवांत राहिले. १२८१ ते १२८४ या काळात तिन्ही मुले गेली. नॉर्वेला दिलेली मुलगी तर लेकीच्या जन्माच्या सुमारासच वारली. आता मात्र महाराजांना घाई सुटली. १२८५ मध्ये लग्न, आणि मार्च १२८६ च्या वादळी रात्री एडिंबरोहून नव्या राणीला भेटायला स्वारी निघाली. नाववाला म्हणाला, परत फिरा. पैलतीरावर दुसऱ्याने विनवले, रात्र इथेच काढा. असल्या किरकोळ लोकांचे तुम्हीही ऐकू नका. महाराज सकाळी किंगहॉर्नजवळ मरून पडलेले सापडले.

गादीची वारस उरली नॉर्वेतली ती नात, वय वर्षे तीन. अशा वेळी मेहुण्याला हाक मारावी. मेहुणा म्हणजे इंग्लंडचा पहिला एडवर्ड, दिवंगत राणीचा सख्खा भाऊ. त्याने घरातलेच स्थळ काढले, आपला मुलगा. १२९० मध्ये नवरी सात वर्षांची, नवरा सहाचा, आणि तो तिच्या आईचा मामेभाऊ, म्हणजे नात्याने मामाच. पोपची परवानगी आणली की मामाही नवरा होतो. स्कॉटलंड वेगळे आणि स्वतंत्र राहील, असे करारात लिहून द्यायला एडवर्डने काचकूच केली नाही. तुम्हीही करू नका, लिहायला काय जाते? नवरीला आणायला यार्मथहून जहाज गेले, त्यात साखर, अक्रोड, अंजीर, मनुका भरल्या होत्या. या साऱ्या व्यवहारात पोरीच्या आवडीनिवडीचा विचार झाला असेल तर एवढाच. ते जहाज तिच्याविना परतले. बापाने तिला आपल्या जहाजातून पाठवले, आणि सप्टेंबरात ती ऑर्कनी बेटांवर वारली. राज्याभिषेक झालाच नव्हता.

आणि तेराव्याची पाने मांडावीत तसे तेरा दावेदार बसले. तुमचा हक्क लंगडा असला तरी लाजू नका. मुलीचा बाप, नॉर्वेचा राजा एरिक, लेकीचा वारस म्हणून उभा राहिला. हॉलंडच्या काउंटने जुन्या हक्कसोडपत्राचा हवाला दिला. ते शोधायला महिनोन्‌महिने मुदत मिळाली, पण अस्सल कागद काही निघाला नाही. खरे कौतुक ऐंशीच्या घरातल्या रॉबर्ट ब्रूसचे. आधी म्हणाला, मी पिढीने जवळचा, सबंध राज्य माझे. पारडे दुसरा दावेदार जॉन बॅलिअल याच्याकडे झुकताच म्हणाला, राज्य म्हणजे तरी काय, वडिलोपार्जित इस्टेटच. वाटणी करा आणि माझा तिसरा हिस्सा द्या. आपल्याकडे बांधावरून कोर्टात गेलेल्या कुणालाही हा माणूस परका वाटणार नाही.

पंच म्हणून मेहुणा होताच. फी किरकोळ: आधी मला तुमचा अधिपती माना आणि किल्ले ताब्यात द्या. दावेदारांनी मानले. न मानणारा निकालाआधीच बाद झाला असता, आणि तुम्ही तरी एवढ्यासाठी हातची गादी घालवाल का? मग सगळे रीतसर झाले: १०४ सल्लागार, त्यांतले बॅलिअलचे ४०, ब्रूसचे ४०, एडवर्डचे २४. १७ नोव्हेंबर १२९२ ला गादी बॅलिअलला मिळाली. १२९६ मध्ये एडवर्डने त्याच्या अंगरख्यावरची राजचिन्हे उसवून काढली आणि ज्या शिळेवर स्कॉटलंडचे राजे बसत, ती वेस्टमिन्स्टरला नेली. ती परत मिळायला १९९६ उजाडले. पंचाची फी ठरवताना परतीची तारीखही लिहून घ्यायची असते, हे तेराजणांत एकालाही सुचले नव्हते.

सर्वांत शेवटचा दावा १३०० साली नॉर्वेतल्या बर्गनच्या बंदरात उतरला. एक बाई म्हणाली, मीच ती मुलगी, मेलेच नव्हते. मुलगी जगली असती तर सतराची असती. बाई चाळिशीच्या दिसत होत्या, केस पिकलेले. तरी लोकांनी विश्वास ठेवला. पुढच्या वर्षी तिला जाळले, नवऱ्याचे डोके उडवले. तेव्हा उशिराने दावा लावणार असाल तर निदान केस रंगवून जा.