मामा, तो आकडा फेरेंझचा नव्हताच

काल पहाटे पाचला मामांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. सार असं: बेंजामिन फेरेंझ नावाचा अमेरिकी जनरल महायुद्धानंतर लष्करी वकील झाला, त्याने जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या कोर्टात हिटलरचा उजवा हात गोअरिंग याच्यासकट सगळ्या नाझींना सूडापोटी फासावर चढवलं, आणि एकही साक्षीदार उभा न करता ‘दहा लाख बळी’ हा आकडा मनानेच ठोकून दिला; थोडक्यात, ‘जिंकलेल्यांचा न्याय’. दुपारपर्यंत आतेभावाने ते आणखी तीन ठिकाणी पाठवलंही होतं. मामा, तुम्ही जन्मभर शिक्षक. मुलांच्या वहीत एक काना चुकला तरी लाल शाई सांडायचात!

जनरल? 1943मध्ये हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन हा माणूस साधा शिपाई म्हणून विमानविरोधी तोफखान्यात भरती झाला आणि डिसेंबर 1945मध्ये सार्जंट म्हणून बाहेर पडला. गोअरिंगचा खटला वेगळा, तिथे अमेरिकेचे मुख्य वकील रॉबर्ट जॅक्सन होते. आणि गोअरिंग फासावर गेलाच नाही, आदल्या रात्री त्याने विष घेतलं.

आता तो आकडा. राग आला तो यावर.

फेरेंझने नंतर न्यूरेंबर्गमध्ये जो खटला चालवला, त्यात साक्षीदार नव्हते, हे खरं. सरकार पक्षाने एकही उभा केला नाही आणि दोन दिवसांत आपली बाजू संपवली. का, ते मात्र तुमच्या मजकुरात नाही. फेरेंझच्या हाताखालच्या एका संशोधकाला बर्लिनमध्ये फायली सापडल्या. पूर्व आघाडीवरच्या आइनझात्सग्रुपेन, म्हणजे माणसं मारत फिरणाऱ्या पथकांनी बर्लिनला पाठवलेले ते अहवाल होते. कुठल्या तुकडीने, कुठल्या गावी, किती मारले, सगळं व्यवस्थित टाइप केलेलं. कारकुनाने धान्याच्या पोत्यांची नोंद ठेवावी तसं. 2 ऑक्टोबर 1941च्या 101 क्रमांकाच्या अहवालात युक्रेनमधल्या किएव्हची नोंद आहे: 29 आणि 30 सप्टेंबर या दोन दिवसांत 33,771 ज्यू. ‘सुमारे तेहतीस हजार’ नाही, अगदी शेवटच्या एककापर्यंत. फेरेंझने छोट्या यंत्रावर फक्त बेरीज केली आणि दहा लाखांच्या पुढे गेल्यावर थांबला. आकडा वकिलाचा नाही, मारणाऱ्यांचा आहे. शिवाय त्यांच्यातलाच ओटो ओलेनडॉर्फ त्याआधीच, जानेवारी 1946मध्ये, गोअरिंगच्या खटल्यात शपथेवर सांगून बसला होता की, त्याच्या हाताखालच्या गटाने वर्षभरात नव्वद हजार मारले. साक्षीदार हवेत म्हणे!

फेरेंझचे वरिष्ठ टेलफर्ड टेलर आधी म्हणाले, नव्या खटल्याला माणसं नाहीत. हा म्हणाला, हातातलं काम सांभाळून मी करतो. वय 27, आयुष्यातला पहिला खटला. पथकांत माणसं सुमारे तीन हजार, आरोपी मात्र 24. कारण काय, तर आरोपींच्या पिंजऱ्यात खुर्च्याच तेवढ्या होत्या. हे तुमच्या मजकुरापेक्षा चमत्कारिक आहे, पण खरं आहे.

‘जिंकलेल्यांचा न्याय’ यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. न्यायाधीश तिघेही अमेरिकी होते, आणि दोस्त राष्ट्रांच्या बाँबफेकीबद्दल तिथे कुणाला उभं केलं नाही. पण म्हणून किएव्हजवळच्या ज्या घळीत त्या ज्यूंना मारलं, तिथले मुडदे खोटे ठरत नाहीत.

आणि सूड? फेरेंझने फाशीची मागणीच केली नव्हती. कोर्टाने 1948मध्ये 14 जणांना ती सुनावली, प्रत्यक्षात चढले चार, जून 1951मध्ये. ओलेनडॉर्फ त्यांतला एक, किएव्हच्या हत्याकांडाचा पाउल ब्लोबेल दुसरा. बाकीच्यांच्या शिक्षा कमी होत गेल्या आणि 1958पर्यंत तुरुंगात उरलेले शेवटचेही सुटून घरी गेले.

आतेभावाला हेही तीन ठिकाणी पाठवायला सांगा.