बाण दिसला म्हणजे इंग्लंडचंच होल्स्टर, असं नाही

जुन्या लष्करी होल्स्टरवर, म्हणजे पट्ट्याला अडकवायच्या पिस्तुलाच्या म्यानावर, बाणाच्या टोकाचा शिक्का दिसला की ते इंग्लंडमध्येच बनलं, असं सध्या छातीठोकपणे सांगितलं जातंय. हे चूक आहे. तो शिक्का सरकारी मालकीचा, कारखान्याचा नव्हे. १९३७ पॅटर्नची, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या त्या सालच्या नमुन्याची, जाड कापडी होल्स्टर कॅनडातही बनली. कॅनडाचा बाण 'सी' अक्षराच्या पोटात असतो, दक्षिण आफ्रिकेचा 'यू'मध्ये, ऑस्ट्रेलियाचा दोन 'डी'च्या मधे. भारताच्या बाणाखाली 'आय' असतो. झाकण उलटा, भिंग धरा. शाई उडालेली असली तरी 'सी'ची अर्धी कड सापडली तर पुरते. नुसताच बाण असेल, तर शेजारचं कारखान्याचं नाव आणि साल वाचा. मी मात्र आधी शिलाई बघतो; शिक्का काय, कालही मारलेला असू शकतो.