फोटोत यायचंय? मग आधी वार बघा

नवरात्र आलंय तोंडावर, आणि ऑफिसात नवीन असाल, आपल्याला कोणीतरी आपलं म्हणावं असं वाटत असेल, तर कामबिम नंतर, आधी रंगांची लिस्ट सेव्ह करा. ती कुठल्या पुराणात आहे असं मात्र विचारायचं नाही. 2003-04 च्या सुमारास महाराष्ट्र टाइम्सने ही टूम काढली, बायकांचे त्या त्या रंगातले फोटो छापायला लागले आणि बघता बघता परंपरा झाली. रंगही वारावरून, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार रॉयल ब्लू, शनिवार राखाडी वगैरे, आणि जे दिवस उरतात त्यांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा असं काहीतरी चिकटवतात. पण हे ज्ञान लंच टेबलवर पाजळलंत की संपलात, नास्तिक म्हणून नाही, खडूस म्हणून.

खरेदीला तुळशीबागेत जा. तिथे ओढणीचा रंग सांगायची गरजच नाही, नुसतं "गुरुवारची द्या" म्हटलं की पिवळी समोर येते.

शेडमध्ये मात्र गफलत नको. मोरपंखीच्या दिवशी बॉटल ग्रीन घालून गेलात तर तोंडावर कोणी काही बोलणार नाही, "अगं चालतंय गं" म्हणतील, आणि मागच्या रांगेत कुंडीशेजारी उभं करतील. हिंजवडीला शनिवारी सुट्टी म्हणून राखाडीतून सुटलो असंही समजू नका, घरून सेल्फी टाकावाच लागतो, नाहीतर एचआरवाली "बरं नाहीये का?" विचारते. पुरुषांचं बरंय, एक सोमवारचा पांढरा शर्ट सोडला तर त्यांच्याकडून कोणाच्या अपेक्षाच नाहीत.

आता हाऊसकीपिंगच्या मावशी. त्यांचा युनिफॉर्म बारा महिने रॉयल ब्लू, त्यामुळे बुधवारी अख्ख्या फ्लोअरवर सगळ्यात करेक्ट रंग त्यांचाच, आणि हातात सगळ्यांचे फोन, कारण फोटो त्याच काढतात. "मावशी आडवा धरा, पाय कापू नका हां, अजून एक, अजून एक." अशा वेळी त्यांना "तुम्ही पण या ना" म्हणायचा मोह होईल, तो आवरा. एकतर मग फोटो काढणार कोण, आणि गुरुवारी त्या परत निळ्यातच येणार, सगळ्या पिवळ्यात एक निळं, इन्स्टाची ग्रिड बिघडते हो.

कॅप्शन टाका "आम्ही सगळ्या एकाच रंगात". टॅग करताना कोणी राहिलं नाही ना ते दोनदा बघा, लोक मनाला लावून घेतात.